दंगलीचा हिशेब कुठल्या रजिस्टरात?

भिवंडीत १९७०च्या दंगलीत किती माणसं मारली गेली, असं आज कुणी मोबाइलवर विचारलं तर ‘अडीचशेहून अधिक’ असं उत्तर चटकन समोर येतं. त्या आकड्यात जळगाव आणि महाडही मिसळलेले असतात, हे पुढची ओळ वाचल्यावर कळतं. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटलं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने या साऱ्याची वर्षानुवर्षं छाननी केली आणि भिवंडीपुरते ७८ मृत्यू मोजले. त्यांत ५९ मुसलमान आणि १७ हिंदू होते, तर दोघांची ओळखच पटली नाही. जळगावचे मृत्यू ४३.

७८ आणि अडीचशे यांच्यातलं अंतर निव्वळ बेरजेचं नाही. मेलेल्याच्या नावावर भरपाई ठरते, गुन्ह्याचं कलम ठरतं, पोलिसांनी वेळेवर काय केलं याचा जाब ठरतो. नाव यादीत नसेल तर वारसालाही जागा नाही. दंगल किंवा यादवी होऊन गेल्यावर न्याय झाला का, हे तपासणारे जगभरचे अभ्यासक गेली दोन-तीन दशकं संगणकावर जे करतात, त्याची सुरुवात याच कामापासून होते: विखुरलेल्या याद्या एकत्र आणायच्या, एकच माणूस दोनदा मोजला गेला का ते पाहायचं आणि कुणाचंच लक्ष न गेलेला माणूस शोधायचा.

मादन आयोगाने हे काम संगणकाशिवाय केलं. साक्षी, पंचनामे आणि पोलीस ठाण्यांच्या डायऱ्या समोरासमोर ठेवून आयोगाने भिवंडीच्या विशेष तपास पथकावर ताशेरे ओढले. पथकाचा तपास पक्षपाती होता, निरपराधांविरुद्ध पुरावे रचले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे सरकारी कागदातूनच सरकारी कागदाचा खोटेपणा निघाला. आजचे विदा (डेटा) संशोधक ज्याला पडताळणी म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की आयोगाचे खंड आज मोजक्या ग्रंथालयांच्या कपाटात आहेत आणि ते उघडणारे वाचक त्याहून मोजके.

आता भिवंडीतल्या मृत्यूच्या नोंदी कुठे कुठे असू शकतात ते पाहू. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला, म्हणजे दंगलीच्या जेमतेम पाच आठवडे आधी. या कायद्यानुसार मृत्यू जिथे झाला तिथे त्याची नोंद होते. भिवंडीत भोसकलेला माणूस ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दगावला तर त्याचं नाव ठाण्याच्या रजिस्टरात, परळच्या केईएममध्ये दगावला तर मुंबई महापालिकेच्या. गावात जळून मेलेल्याचं नाव ग्रामपंचायतीकडे, तेही कुणी कळवायला उरलं असेल तर. याखेरीज कब्रस्तानाच्या ट्रस्टची वही, स्मशानभूमीची वही, पोलिसांचे इन्क्वेस्ट पंचनामे, कलेक्टर कचेरीतली मदतवाटपाची यादी आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या. एवढ्या याद्यांपैकी पूर्ण अशी एकही नाही.

त्या जुळवायच्या तर नावांचा गुंता समोर येतो. यंत्रमागाच्या या गावात मोमीन आणि अन्सारी आझमगढ-मऊकडून आलेले, कोकणी मुसलमान इथले जुने, पद्मशाली तेलंगणातून आलेले, आसपासच्या गावांत आगरी. एकाच माणसाचं नाव मशिदीच्या वहीत उर्दूत, नगरपालिकेत मराठीत आणि हॉस्पिटलात इंग्रजीत. शेख, शैख, शेक. मोहम्मद, महंमद, मो.; बापाचं नाव कुठे आहे, कुठे नाही; वय कुठे तीस, कुठे पस्तीस. संगणक अशा दोन नोंदींतलं साम्य मोजून ‘बहुधा एकच’ एवढंच सांगतो. अंतिम निर्णय त्या मोहल्ल्याची माहिती असलेल्या माणसालाच घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला निधी देणारे फार नसतात, पण संशोधनाची सगळी विश्वासार्हता त्याच्यावरच टिकते.

याद्या जुळल्या की पुढचं गणित सुरू होतं. मूळचं ते मासे मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञांचं. तळ्यातले काही मासे धरून खूण करायची, सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि दुसऱ्या खेपेत खुणेचे किती आले ते पाहायचं. याद्यांनाही हेच लागू होतं. समजा एका यादीत ६० नावं आहेत, दुसरीत ५० आणि दोन्हींत मिळून सामाईक ३०. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या माणसांपैकी पहिलीने ६० टक्के टिपली. तर पहिलीतली ६० नावं एकूण मृतांच्याही ६० टक्के असावीत आणि एकूण मृत सुमारे १०० असावेत. दोन्ही याद्या मिळून नावं ८०च भरतात. उरलेले २० कुणाच्याच वहीत नाहीत. प्रत्यक्षात याद्या एकमेकींपासून इतक्या स्वतंत्र नसतात, म्हणून तीन-चार याद्या आणि बरंच किचकट संख्याशास्त्र लागतं.

यादवीनंतर नेमलेल्या पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये हीच पद्धत वापरली. आयोगाकडे नावानिशी नोंद झालेले मृत आणि बेपत्ता २४ हजारांच्या आत होते. अंदाज निघाला ६९,२८० चा. त्यातले बहुसंख्य बळी डोंगराळ भागातले, केचुआ भाषा बोलणारे शेतकरी. राजधानी लिमाला इतकी माणसं गेल्याचा पत्ताच नव्हता. पुढे २०१९ मध्ये एका अभ्यासकाने हा अंदाज फुगलेला असल्याचा दावा केला, मूळ संशोधकांनी त्याला उत्तर दिलं आणि वाद संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत रंगला. हे चांगलंच झालं. ज्या आकड्यामागची रीत उघड असते त्याच्याशी भांडता तरी येतं. दंगलीनंतर चहाच्या टपरीवर फिरणाऱ्या आकड्याशी कोण भांडणार?

भिवंडी पुन्हा पेटली ती मे १९८४ मध्ये. या वेळी आग मुंबई, ठाणे, कल्याणपर्यंत पसरली. मृतांचा आकडा साऱ्या पट्ट्यासाठी मिळून २७८ सांगितला जातो. भिवंडीच्या अन्सारी बागेत माणसं जिवंत जाळली गेली. ठाणे महापालिकेला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, कल्याणची महापालिका एका वर्षाचीही नव्हती आणि भिवंडीत नगरपालिकाच होती. नोंदी ठेवणारी यंत्रणाच नवी आणि अपुरी होती.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, ग्वाटेमालात एदगार फर्नांदो गार्सिया नावाचा कामगार कार्यकर्ता पोलिसांनी उचलला आणि तो परत आला नाही. एकवीस वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, राजधानीतल्या एका पोलीस आवारात दुसऱ्याच कारणासाठी गेलेल्या अधिकाऱ्यांना ओलसर खोल्यांत रचलेले कागदांचे ढीग सापडले. अंदाजे आठ कोटी पानं. माणसांनी मास्क लावून ती साफ केली, स्कॅन केली. सगळी वाचून होण्याची वाट न पाहता संख्याशास्त्रज्ञांनी त्यांतून यादृच्छिक नमुने काढले आणि हुकूम वरून खाली कसे जात होते, अहवाल खालून वर कसे येत होते, ते दाखवून दिलं. २०१० मध्ये गार्सियाच्या प्रकरणात दोन पोलिसांना प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयात उभ्या राहिलेल्या पुराव्यांत ही पानं होती.

आपल्याकडे असे ढीग सापडतील का? सरकारी दप्तरात कागदाचं आयुष्य वर्गावर ठरतं. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एक. १९८४चा एखादा कागद कारकुनाने ‘ब’मध्ये टाकला असेल तर त्याची मुदत २०१४ मध्ये संपली, ‘क’मध्ये टाकला असेल तर १९९४ मध्येच. म्हणजे पुढच्या पिढीला कुठला पुरावा दिसावा हे एका कनिष्ठ लिपिकाच्या शिक्क्याने ठरतं. २००५चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, पण जमिनीच्या कागदांचं जे भाग्य उजळलं ते माणसांच्या कागदांचं नाही. जुने सातबारे, फेरफार स्कॅन होऊन घरबसल्या दिसू लागले, कारण जमिनीला भाव आहे.

भारतात अशा वह्यांनी न्यायालयाचं दार उघडल्याचं सर्वांत ठळक उदाहरण पंजाबचं. जसवंतसिंग खालरा हे तसे बँकेतले अधिकारी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानभूमींच्या पालिका-वह्या पाहिल्या. बेवारस म्हणून पोलिसांनी जाळलेल्या प्रेतांसाठी दिलेली लाकडं आणि कापड यांचा हिशेब तिथे इमानाने लिहिलेला होता. सप्टेंबर १९९५ मध्ये खालरांनाच पळवून नेण्यात आलं. त्यांच्या खुनासाठी पुढे पोलिसांना शिक्षा झाली. सीबीआयने त्या एका जिल्ह्यात २,०९७ बेकायदा दहनं मान्य केली. प्रकरण दडपणाऱ्यांनी सगळं पाहिलं, फक्त लाकडाच्या पावत्या पाहायच्या राहिल्या.

आता आजच्या डिजिटल सोयींकडे वळू. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, कल्याण, भिवंडी इथल्या न्यायालयांतल्या खटल्याची पुढची तारीख कुणालाही दिसते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. राष्ट्रीय न्यायिक विदा ग्रिडवर तीस वर्षांहून जुने प्रलंबित खटले किती तेही कळतं. वकील आणि पक्षकारांसाठी हे मोठं सुख आहे. संशोधकाची अडचण पुढे सुरू होते. खटला कलमाने ओळखला जातो, कारणाने नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत दंगलीचं कलम १४७. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव आणि बळाचा वापर एवढं त्याला पुरतं. डोंबिवलीत सोसायटीच्या पाण्यावरून झालेली हाणामारी आणि भिवंडीतली जाळपोळ यंत्राला एकाच रांगेत दिसते. फिर्यादीतला मजकूर वाचल्याशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही आणि जुन्या खटल्यांची फिर्याद संकेतस्थळावर नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांतही असाच सापळा आहे. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सगळ्यांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो. दंगलीत खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो आणि दंगलीच्या रकान्यातून निघतो. म्हणजे दंगल जितकी भीषण, तितकी ती दंगलीच्या आकडेवारीतून निसटण्याची शक्यता जास्त. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. मोजणीचा नियम तसा आहे. पण ‘यंदा दंगली घटल्या’ अशी बातमी वाचताना तो माहीत असावा.

मोठ्या विदाचं वेड लागलेल्यांना एक अभ्यास नेहमी आठवतो. काही अर्थशास्त्रज्ञांनी ई-कोर्ट्सवरून कोट्यवधी खटल्यांच्या नोंदी उतरवून घेतल्या, न्यायाधीश आणि आरोपींच्या नावांवरून त्यांचा धर्म यंत्राकडून ओळखून घेतला आणि सुमारे पन्नास लाख फौजदारी खटल्यांत न्यायाधीश आपल्या धर्माच्या आरोपीला झुकतं माप देतात का ते तपासलं. सरासरीत तसं आढळलं नाही. निष्कर्ष दिलासा देणारा आणि काम कसोशीचं. मात्र हा हिशेब न्यायालयाच्या दारापासून पुढचा आहे. कोणाची फिर्याद घेतली, कोणाला ठाण्यातून परत पाठवलं, कोणाच्या प्रकरणात आरोपी ‘सापडलाच नाही’, हे सारं त्या दाराच्या अलीकडे घडतं.

दाराच्या अलीकडे काय घडतं त्याचं मुंबईतलं उदाहरण साऱ्यांना माहीत आहे. १९९२-९३च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सरकारला मिळाला. मधल्या काळात, १९९६च्या जानेवारीत, राज्य सरकारने आयोगच गुंडाळला होता आणि काही महिन्यांत पुन्हा उभा केला होता. आयोगाने ९०० मृत्यू नोंदले: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात, ५ इतर. मृत्यूंची कारणंही मोजली. पोलीस गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळून ९१, जमावाच्या मारहाणीत ८०. हे कोष्टक कुठल्याही संशोधकाला हेवा वाटावा इतकं नीट आहे. पण न्यायाचं काय? १,३७१ प्रकरणं ‘ए समरी’त बंद झाली होती. गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, असा त्याचा अर्थ.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी याच दंगलींविषयीच्या शकील अहमद यांच्या २००१ मधल्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा आणखी एक यादी पुढे आली. सरकारच्या म्हणण्यानुसार १६८ माणसं बेपत्ता होती. त्यांतल्या ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली, उरलेल्या १०८ कुटुंबांचा पत्ता लागला नाही. न्यायालयाने त्यांना शोधायला, पैसे व्याजासह द्यायला आणि देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. आरोपी सापडत नाहीत म्हणून ९७ खटले सुप्त यादीत पडून होते. त्यांचा तपशीलही मागवला.

१०८ कुटुंबांचा पत्ता लागत नाही, याचं एक साधं कारण ठाणे जिल्ह्यातला कुणीही सांगेल. दंगलीनंतर लोकांनी घरं बदलली. मुंबईतून निघालेल्या मुसलमान कुटुंबांचा मोठा ओघ मुंब्र्याकडे आला आणि खाडीकाठचं ते लहान गाव पाहता पाहता लाखो वस्तीचं झालं. फिर्यादीतला पत्ता जोगेश्वरीचा, रेशनकार्ड मुंब्र्यातल्या कौसाचं. टपाल खात्याचा कर्मचारी जुन्या चाळीपाशी जातो, ‘घर बंद’ लिहितो आणि फाइल मिटते. मतदारयादी, शिधापत्रिका, शाळेचे दाखले यांची सांगड घातली तर यांतली बरीच कुटुंबं सापडू शकतात. काम सरकारच्या हाती असलेल्या विदातूनच होण्यासारखं आहे.

पण इथेच घोडं अडतं, आणि अडावंही. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला जमावांच्या हाती मतदारयाद्या आणि रेशनच्या याद्या होत्या. भरपाई द्यायला जी यादी लागते तीच यादी घर जाळायलाही चालते. त्यामुळे असं संशोधन करणाऱ्या जबाबदार संस्था नावं वेगळ्या कुलुपात ठेवतात, प्रसिद्ध करताना गल्ली काढून शहर ठेवतात आणि साक्षीदाराची संमती घेतल्याशिवाय त्याचा शब्द वापरत नाहीत. डिजिटल पुराव्यावर तपास कसा करावा याचे संकेत सांगणारी बर्कली नियमावली २०२० मध्ये आली. तिचा मोठा भाग याच सावधगिरीवर आहे.

नव्या दंगलींचा पुरावा तर जन्मतःच डिजिटल असतो आणि तरीही टिकत नाही. दुकानदाराच्या सीसीटीव्हीत चित्रण काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान वर्षभर ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावलं; रस्त्यावरच्या मेडिकलवाल्यावर असं बंधन नाही. न्यायालयात तो व्हिडिओ कसा दाखवायचा याचा कायदा ठरला तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका निवडणूक वादातून. जालन्याच्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुढे करायची तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-बी कलमाचं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकी ठसा, हेही लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरत आलेली क्लिप मूळ फोनपर्यंत नेता आली नाही, तर ती बातमीला पुरते, खटल्याला पुरत नाही.

संशोधकांच्या हाती असलेल्या सगळ्यांत मोठ्या भारतीय यादीचीही एक गंमत आहे. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीचे अंक दिवसागणिक वाचून तयार केली. त्यावरून दिसलं, की मृत्यूंपैकी खेड्यांतले चार टक्क्यांहून कमी आणि शहरांतल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांत. मुंबईच्या वर्तमानपत्राला भिवंडी दारातच होती. बिहारमधल्या एखाद्या कसब्याचं तसं नव्हतं, हे ध्यानात ठेवूनही ही यादी मोलाची आहे.

त्या यादीत डिसेंबर १९९२ला मुंबई जळत असताना भिवंडीच्या नावापुढे सांगण्यासारखं काही नाही. वार्ष्णेय नेमके त्याच रिकाम्या जागेपाशी थांबले. १९८८ पासून भिवंडीत पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी, अधूनमधून बैठक, अध्यक्ष म्हणून एखादा खालच्या हुद्द्याचा पोलीस. किरकोळ भांडणं तिथेच मिटत आणि अफवा तिथेच विचारली जाई. खोपड्यांनी पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. समित्यांनी भिवंडी वाचवली की दोन दंगलींनी पोळलेल्या यंत्रमागवाल्यांनाच आता धंदा बंद नको होता, यावर मतं वेगळी असतील. त्याचा छडा लावायला समित्यांच्या बैठकींची इतिवृत्तं लागतील: कोण आलं, काय तक्रार होती, किती दिवसांत मिटली. न झालेल्या दंगलीचा एफआयआर नसतो. असलाच तर हाच कागद.

सुरुवात करायला मोठी यंत्रणा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडता, नाकारता येत नाही. अर्जाला दहा रुपये. जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १७ कोणालाही रजिस्टरात शोध घ्यायला सांगण्याचा आणि नोंदीचं प्रमाणपत्र मागण्याचा हक्क देतं. मे १९७० आणि मे १९८४ची पानं भिवंडी, ठाणे, कल्याण आणि मुंबई इथून मागवली की चार याद्या झाल्या. मात्र मृत्यूच्या प्रमाणपत्रात मृत्यूचं कारण उघड करायला तोच कायदा मनाई करतो. ते पाहायचं तर पाचवी यादी लागते, पोलीस ठाण्यातल्या इन्क्वेस्ट पंचनाम्यांची, आणि ती कोणत्या वर्गात टाकली होती हे अर्जातच विचारावं लागेल.